मिट्टू कसा मेला

२ नोव्हेंबर, रविवार

आणि वर म्हणे रुमाल घेऊन चल, रडू येईल. कशाचं रडू? त्या गार हॉलमध्ये नाक गळलं तेवढंच. पाय आखडून बसले, आणि समोर काय, तर आमचा मिट्टू पतंगासारखा आकाशात उडतोय. अरे, मातीचा माणूस तो. चिखलात पाय टाकला की गुडघ्यापर्यंत रुतायचा, तेव्हा कुठे खरा वाटायचा. त्याला उडवला ह्यांनी. हलका केला. मोठ्या पडद्यासाठी नव्याने काढलाय म्हणतात. नव्याने काढलाय म्हणजे जुन्याची वाट लावलीय.

रत्नदीप घेऊन गेलेला, कल्याणच्या मॉलमध्ये. माझा मुलगा. सव्वीस वर्षांचा घोडा आणि कार्टून बघतो. पण खोटं कशाला लिहू, हे कार्टून मी पण बघायचे. 'केन और मिट्टू'. जपानचं, पण टीव्हीवर हिंदीत बोलायचं. हा पाचवीत होता. मी कारखान्यातून आणलेल्या जीन्सचे सुटे धागे कापायला बसायचे, हा शाळेतून यायचा, दप्तर टाकायचा आणि माझ्या बाजूला गठ्ठ्यावर चढून बसायचा. केन म्हणजे कुंभारणीचा पोरगा, बाप नाही. तो मातीचा राक्षस बनवतो आणि तो राक्षस जिवंत होतो, तोच मिट्टू. अट एकच. त्याच्या अंगावर रोज पाणी मारायचं. एक दिवस चुकलं तर तडकणार.

जुन्यात मिट्टूचा आवाज विडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा होता, खरखरीत. आता आवाज दिलाय कुठल्या तरी गुळगुळीत पोराने, जसा काही बँकेतून फोन आलाय. जुन्यात मागचा डोंगर एकच होता, तोच परत परत सरकत जायचा, आणि आम्हाला तो पाठ होता. ह्यात पानन् पान हलतं. सगळंच हलल्यावर माणसाने बघायचं कुठे? आणि केनची आई. ती बाई मला आवडायची. मिट्टूला पहिल्यांदा बघितल्यावर ती घाबरली नाही, म्हणाली, एवढा मोठा आहेस तर लाकडं फोड. सिनेमात तिला हसतमुख केलीय. सारखी पोराच्या केसांतून हात फिरवते. बाई नाही, अगरबत्ती.

बाहेर आल्यावर रत्न्या म्हणतो, "आई, शेवट बदलला गं ह्यांनी. मिट्टू जगला." डोळे लाल त्याचे.

मी म्हटलं, "रिक्षा बघ."

५ नोव्हेंबर, बुधवार

ही डायरी मेडिकलवाल्याने दिलेली, मागच्या वर्षीची. तारखा खोडून लिहिते. लिहायचं कारण हे की घरात भांडायला माणूस नाही. आमचे हे कानातलं मशीन काढून टीव्हीवर ठेवतात आणि बुद्धासारखे शांत बसतात. कंपनीतल्या मशीनच्या आवाजाने कान गेले म्हणतात. गेले ते माझ्यामुळे नाही, एवढं तरी लोक मान्य करतील.

रत्न्याचं एक चॅनल आहे मोबाईलवर. कार्टूनचं. दिवसा कल्याण स्टेशनबाहेर मोबाईलचे कव्हर विकतो आणि संध्याकाळी जगाला शिकवतो. आज ताटावर बसल्या बसल्या सांगितलं, ठाण्याला एक कंपनी आहे, जपानी कार्टूनचं हिंदी करणारी. तिथे त्याला ठेवून घेणार आहेत. काम काय, तर जुनं नवं जुळतंय का ते तपासायचं. त्यांना असा माणूस पाहिजे ज्याला 'केन और मिट्टू' तोंडपाठ आहे. जुनी मालिका आणि नवा सिनेमा असा एक व्हिडिओ कर म्हणाले, तो बघून पक्कं करतो.

"एसीत बसायचं, आई. कव्हर विकणं बंद."

मी म्हटलं, "कार्टून बघायचा पगार? मग मी कशाला धागे कापले आयुष्यभर?"

तो म्हणाला, "तू पण बस ना व्हिडिओत. आपण दोघांनीच बघितलेली ती."

बसणार नाही म्हणाले. मग कोणती साडी नेसायची ते विचारलं.

९ नोव्हेंबर, रविवार

आज शूटिंग झालं. प्रियांका आलेली, ठाण्याची, त्याची मैत्रीण. लग्न करणार आहेत म्हणे. मला विचारलं नाही, कळवलं. दिवे घेऊन आली, माझे जीन्सचे गठ्ठे मागे रचले, म्हणाली, "काकू, हे असू दे, छान निळं दिसतं." माझी बोटं पण निळी दिसतात, ती दाखव म्हटलं. तिने दाखवली.

कॅमेरा चालू झाल्यावर मी सुटले. अगरबत्ती म्हणाले, बँकेचा फोन म्हणाले, ती पोरगी तोंडावर हात धरून हसत होती. मग रत्न्या म्हणाला, "आता शेवट. आई, तूच सांग. तुझ्याएवढा मला नाही सांगता येणार."

मग सांगितला. केन जत्रेत खेळत बसला. मिट्टू घरी उन्हात उभा. हाक मारत होता, आधी मोठ्याने, मग हळू. पहिली तड पायाला गेली, मग पोटाला, मग तोंडाला. केन आला तेव्हा दारात ढेकळं.  आईने खराट्याने लोटून घमेल्यात भरला आणि घमेलं पोराच्या हातात दिलं, टाकून ये म्हणाली. संपलं.

प्रियांका हसायची थांबली. रत्न्या कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "मी दहा वर्षांचा होतो. अजून डोळ्यासमोर आहे. ते घमेलं, त्याला एका बाजूला गंज होता. सिनेमावाल्यांची हिंमत झाली नाही हे दाखवायची."

गंज. गंज मी सांगितलेला नव्हता.

इथे लिहून ठेवते, इथे कोणी उलटून विचारत नाही. तो शेवट कार्टूनवाल्यांचा नाही, माझा आहे. त्याने गणितात दिवे लावले म्हणून मी केबल बंद केली होती, शेवटचे भाग राहिले तेव्हाच. मग रोजची भुणभुण. मिट्टूचं काय झालं असेल, समोरच्यांकडे जाऊन बघू का. दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभं राहून टीव्ही बघणारं पोर मला नको होतं. म्हणून सांगितलं, मी माल द्यायला गेलेले तिथे शेवटचा भाग बघितला, मेला तो मिट्टू, आणि असा असा मेला.

त्याने काय वाईट झालं? आमच्या चाळीत नळ पहाटे येतो. लोकांची पोरं लाथ घातल्याशिवाय उठत नाहीत. हा त्या दिवसापासून स्वतः उठतो. ड्रम, बादल्या, कळशी, तांबेसुद्धा भरतो. ताप असताना उठलेला आहे. कामाला निघताना झाकण उघडून बघतो, दारापर्यंत जातो, परत येऊन बघतो. मला कधी सांगावं लागलं नाही.

बाकी भाग त्याला पाठ आहेत, मोबाईलवर परत परत बघतो. शेवटचे तेवढे बघत नाही. सहन होत नाही म्हणतो.

त्याला आज सांगता आलं असतं. पण व्हिडिओ चांगला झालेला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

व्हिडिओ खूप लोकांनी बघितला. नाक्यावर भाजीवालीने ओळखलं. पण खाली लोक भलतंच लिहायला लागलेत. मला वाचायला वेळ लागतो, पण हिंदी कळतं. एकाने लिहिलं, भाई ने कौन सा सीरियल देख लिया. दुसरा लिहितो, ऐसा कोई एपिसोड नहीं है, आंटी ने सपना देखा. एकाने नुसता खराटा काढलाय आणि खाली हसणारी तोंडं.

रत्न्या प्रत्येकाला उत्तर देतोय. जेवता जेवता एका हाताने. "तुम्ही तेव्हा जन्मला पण नसाल. आम्ही बघितलीय, मी आणि माझी आई." मग आणखी पुढे गेला. लिहून टाकलं, मी चुकीचा निघालो तर चॅनल बंद करीन, पुन्हा ह्या विषयावर तोंड उघडणार नाही.

मला म्हणतो, "आई, बघ ना ह्यांची अक्कल."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "गरम आहे तोवर खा."

१६ नोव्हेंबर, रविवार

कोणीतरी खरा शेवटचा भाग टाकला. रत्न्या बाहेर गॅलरीत उभा राहून बघत होता. कानात वायर. मी दारातून बघत होते, पाठ दिसत होती. संपल्यावर त्याने परत पहिल्यापासून लावला.

आत आला, माझ्यासमोर खाली बसला. "आई, तू शेवटचा भाग कुठे बघितलेला?"

"सांगितलं ना. माल द्यायला गेलेले तिथे."

"कोणाकडे?"

"मेली ती बाई आता."

"आई."

मग मला राग आला. पोलीस आहे का हा? म्हटलं, "कुठेच नाही बघितला. मीच सांगितला मनाने. मग? फाशी देतोस?"

 तो म्हणाला, "मी दहा वर्षांचा होतो."

"तेच तर. दहा वर्षांचं पोरगं मातीच्या गोळ्यासाठी जेवणखाण सोडून बसलं होतं. संपवायलाच पाहिजे होता तो."

"जेवण मी तू सांगितल्यावर सोडलेलं. त्याच्या आधी नाही."

असेल. एवढं कोण लक्षात ठेवतं.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "मी असतो तर मी पण विसरलो असतो."

मी म्हटलं, "बरोबर वाटायचं. म्हणून तर नाही विसरलास कधी काही."

त्याने शर्ट भरले बॅगेत. ठाण्याला देवेश म्हणून मित्र आहे, त्याच्याकडे चाललो म्हणाला. पप्पांच्या पाया पडला. ह्यांच्या कानात मशीन नव्हतं, त्यांना वाटलं इंटरव्ह्यूला चाललाय. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "जयभीम, नीट बोल साहेबांशी."

१७ नोव्हेंबर, सोमवार

ड्रम कोरडा. मला जाग नाही आली. सवयच नाही मला, कित्येक वर्षांत उठलेच नाही पाण्याला. समोरच्यांकडून दोन बादल्या मागितल्या. मी, मागितल्या. ती बाई विचारते, मुलगा गावाला गेला काय. म्हटलं, ठाण्याला मोठ्या कंपनीत लागला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

प्रियांका आली, एकटी. मी गठ्ठा सोडून बसलेले, उठले नाही. ती दाराशीच बसली. पोरगी काळजीने वाळलेली नाही, चांगली खाऊनपिऊन आहे.

म्हणाली, "काकू, रत्नदीपला कंपनीने फोन केलेला. ज्याला शेवटच माहीत नाही त्याला तपासायला कसं ठेवणार, असं विचारलं."

"मग बरोबर विचारलं."

"पण साहेब चांगले आहेत. ते म्हणाले, दुसरा व्हिडिओ करा. आईंनी सांगू दे की तो शेवट त्यांनी स्वतः रचलेला, मुलाला खरा वाटला. लोक उलट खूश होतील. लोकांना तुम्ही आवडता. सोमवारपर्यंत व्हिडिओ आला तर जागा त्याची."

"म्हणजे मी जगासमोर खोटारडी."

"खोटारडी नाही काकू. गोष्ट रचली म्हणायचं."

"गोष्ट रचली म्हणजेच खोटारडी. मी शिकलेली नाही, पण तेवढं कळतं. आणि त्याला स्वतःला येता येत नाही? बायको पाठवली. बायको पण नाही अजून. तू कोण माझी?"

तिने पाणी मागितलं. मी बोट दाखवलं, तिकडे आहे. तिने ड्रमचं झाकण उघडलं, आत बघितलं, बंद केलं. न पिताच बसली.

"तुम्हाला एक विचारू? मी त्याच्याबरोबर असते तेव्हा तो हॉटेलमध्ये पण दुसऱ्यांच्या टेबलावरचे ग्लास भरतो. वेटर ओरडतात त्याच्यावर. मला वाटायचं गंमत करतो."

"संस्कार म्हणतात त्याला. तुझ्याकडे नसतील."

"हो," ती म्हणाली. "माझ्याकडे नाहीत. बरं झालं."

उठली. जाताना ह्यांच्या मोबाईलवर काहीतरी पाठवलं आणि ह्यांना खुणेने सांगितलं, बघा. ह्यांनी मान हलवली. ह्यांना सगळेच चांगले वाटतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तिने पाठवलेला तो शेवटचा भाग होता. बघितला. दुपारी, हातात कटर घेऊनच. हे पण मशीन लावून बाजूला बसले. गठ्ठ्यावर, तो बसायचा तिथेच.

तर खरा शेवट असा. केन मोठा होतो. शहरात कामाला जातो. मिट्टू बरोबर जायला निघतो, तर केन म्हणतो, तू थांब, आईला लाकडं कोण फोडून देणार. आणि जातो. मग ती बाई, जी कधी त्या राक्षसाशी नीट बोलली नाही, ती बादली घेऊन येते आणि त्याच्या अंगावर पाणी मारते. रोज मारते. म्हातारी होते, वाकते, तरी मारते. तो तिला म्हणतो, केन कधी येणार? ती म्हणते, हात वर कर, काखेत कोरडं आहे. संपलं.

हा शेवट? पोरगं गेलं आणि मातीचा गोळा आईच्या गळ्यात. ना कोणी मेलं, ना कोणाला अद्दल घडली. माझा बरा होता. माझ्यात निदान काहीतरी झालं. लोकांना विचारा, घमेलं लक्षात राहील की ही बादली? पण नाही. ज्याने जपानमध्ये बसून काढलं तो खरा, आणि मी इथे विठ्ठलवाडीत बसून सांगितलं ती खोटी. सिनेमावाल्यांनी तोच शेवट फिरवून मिट्टूला उडवला, त्यांना कोणी खोटं म्हणत नाही. तिकीट लावून बोलावतात.

हे रडत होते. मी म्हटलं, "तुमचं काय गेलं?"

हे म्हणाले, "पास होता तो."

"कोण?"

"रत्ना. गणितात. पास होता, मंजुळा. माझ्या कंपनीला टाळं लागलेलं म्हणून केबल गेली. तू त्याला मार्कांचं सांगितलंस."

इतक्या वर्षांत हा विषय ह्या घरात निघालेला नाही. मी म्हटलं, "काठावर पास होता. काठावरचं मी धरत नाही."

"त्याला सांगायला पाहिजे."

"काय सांगायचं? तुम्ही डबा घेऊन निघायचात आणि स्टेशनच्या बाकावर बसून डबा खाऊन परत यायचात, ते? पोरगं शाळेत सांगायचं, माझे पप्पा मशीन चालवतात. ते मोडायचं होतं? त्यापेक्षा त्याने मला शिव्या घातलेल्या काय वाईट. आई वाईट असली तर चालते. सगळ्यांच्याच असतात."

हे म्हणाले, "आता तो मोठा आहे. मी सांगणार. रविवारी जातो ठाण्याला."

"जाऊन बघा," मी म्हटलं. "पाय मोडून ठेवीन."

ह्यांनी मशीन काढून टीव्हीवर ठेवलं नाही. कानातच ठेवलं. तसेच बसले माझ्याकडे बघत, जसं काही मी आणखी काही बोलणार आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रत्न्या, हे पान तुझ्यासाठी आहे. ह्याचा फोटो काढून ह्यांच्या मोबाईलवरून पाठवते. मागची पानं तुला मिळणार नाहीत, मागू नकोस.

तुझी ती आली होती. बोलायला तिखट आहे, तुला पुरून उरेल. तिने सांगितलं ते कळलं. तुला ठाण्याची जागा पाहिजे आणि त्यासाठी आई खोटी पाहिजे. ठीक आहे. बसते मी कॅमेऱ्यासमोर. म्हणते, मीच रचलं सगळं, पोराला फसवलं, पोरगं बिचारं. लोकांना काय हसायचं ते हसू दे, मला काय, मी नाक्यापर्यंतच जाते.

पण फुकट नाही. आधी तू बोलायचं, तोंड उघडणार नाही लिहिलं होतंस तरी. त्याच व्हिडिओत, माझ्या आधी, स्वतःच्या तोंडाने. म्हणायचं, मी गणितात नापास झालो म्हणून आईने केबल कापली. नापास म्हणायचं. काठावर वगैरे नाही. दुसरं काही कारण कोणी सांगितलं तर ऐकायचं नाही, कोणीही असो, घरातलं असलं तरी. त्या माणसाला हल्ली ऐकू पण नीट येत नाही आणि आठवत पण नाही, काहीही बोलतो. रविवारी तो तुझ्याकडे यायला निघेल. आला तर चहा पाज आणि परत पाठव. काही बोलायला लागला तर म्हण, मला माहीत आहे, मी नापास झालेलो. एवढं बोललास की तो गप्प बसेल.

नाही जमत म्हणालास तर तुझी जागा गेली आणि मी पण गेले, असं समज. तुझा पलंग भंगारात देते, तिथे माझे चार गठ्ठे जास्त बसतील. मी बोलते तसं करते, तुला माहीत आहे.

फोन करू नकोस, फोनवर तू रडतोस आणि मला काही कळत नाही. हो की नाही, तेवढंच लिहून पाठव. शनिवारपर्यंत. रविवारची सकाळ नाही, शनिवार.